धाकट्या जावेच्या पुड्या

माझी धाकटी जाऊ टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेतल्या घरात तोवर कुठल्याच सुनेनं नोकरी केली नव्हती. पुरुषांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं आणि बायकांचं जग स्वयंपाकघरात. ही बेळगावहून मॅट्रिक होऊन आली, इंग्रजी फाडफाड बोलायची, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत मनगटाला घड्याळ बांधून बसनं कामाला जायला लागली.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. सासूबाई गल्लीतल्या प्रत्येक बाईला थांबवून सांगायच्या, "आमची धाकटी फोन जोडून देते. मद्रासशी बोलायचं तर आधी हिच्याशी बोलावं लागतं." मी त्याच वेळी मागच्या दारी इडलीचं वाटत बसलेली असायची. माझं वाटण कुठल्या गावाशी जोडलेलं नव्हतं.

ती कामावरून आली की सासूबाई स्वतः उठून तिला कॉफी करून द्यायच्या. माझ्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. माझ्यासाठी त्या चुलीपाशी कधी उठल्या नव्हत्या. बरं, आल्यावर तिनं आडवं व्हावं, तर तेही नाही. साडी बदलून सरळ पोळ्या लाटायला बसायची आणि वर गप्पा, हसणं. दीर म्हणायचे, "वहिनी, बघा हं, आठ तास कानाला ते यंत्र लावून आली तरी चेहऱ्यावर शीण नाही." मी बघत होतेच. त्या घरात तिच्याकडे माझ्याइतकं कुणीच बघत नसेल. तिची नायलॉनची साडी, पर्स, चालण्याची ढब, सगळं मला पाठ होतं. आणि म्हणूनच तिच्या पुड्याही मला माहीत होत्या.

डोकेदुखीच्या पुड्या तेव्हा कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानातही मिळायच्या. ती सकाळी निघताना एक पुडी जिभेवर टाकायची आणि वर कॉफीचा घोट घ्यायची. पर्समध्ये आणखी असायच्याच. आल्या आल्या पुन्हा एक. रविवारी सुट्टी असली तरी चुकायची नाही.

एकदा माझं डोकं ठणकत होतं. तिनंच पर्स उघडली. "अक्का, ही घ्या. स्वल्प कडू लागेल, पण एकदम हलकं वाटतं बघा."

खरंच हलकं वाटलं. त्या दिवशी मी सगळ्या घराचे कपडे धुतले, फरशी पुसली आणि तरीही मला गाणं म्हणावंसं वाटलं. असं आहे तर, मला वाटलं. हिच्या हसऱ्या चेहऱ्याचं गुपित दुकानात विकत मिळतं. मग मीही आणायला लागले. मलाही तिच्यासारखं व्हायचं होतं. पण आठवडाभरात माझ्या पोटात अशी जळजळ सुटली की ताकभातही नकोसा झाला. मी पुड्या सोडल्या. तिला त्या पचतात आणि मला नाही, याचाही मला राग आला.

पुढं बरीच वर्षं असंच चाललं. मग तिचा रंग उतरायला लागला. आधी गोरी म्हणून कौतुक होतं, त्यामुळे पांढरीफटक पडली ते कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. जिना चढताना तिला धाप लागायची. रात्रीतून चार-चारदा लघवीला उठायची. सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पावलांवर. बोटानं दाबलं की खळगा पडायचा. सासूबाई म्हणाल्या, "काम फार होतं पोरीला." आणि माझ्या वाट्याला तिच्याही पोळ्या आल्या.

दीर दुकानाच्या खरेदीला परगावी गेले होते, म्हणून बसवनगुडीतल्या डॉक्टरांकडे तिला मी घेऊन गेले. डॉक्टर कानडी, शांत, वयस्क. त्यांनी रक्तदाब पाहिला, रक्त आणि लघवी तपासायला दिली, दोन दिवसांनी परत बोलावलं. तेव्हा म्हणाले, "रक्त फार कमी आहे. आणि मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत. औषधं कुठली घेता?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "मला औषध कधी लागतच नाही."

ती खोटं बोलत नव्हती. पुडी तिला कॉफीसारखी झाली होती.

"पुड्या घेते की," मी म्हणाले. "डोकेदुखीच्या. रोज."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "रोज? किती?"

मी सांगितलं. सकाळची, पर्समधली, संध्याकाळची, आणि जास्तीची ड्यूटी असली की त्यावरच्याही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"किती वर्षं?"

"नोकरी लागल्यापासून."

डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "परदेशातल्या डॉक्टरांनी अशा पुड्यांबद्दल लिहिलंय. अधूनमधून घेतली तर निभावतं, पण वर्षानुवर्षं रोज पोटात गेली की मूत्रपिंडं आतून खराब होत जातात, आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार, पण मला संशय त्याचाच आहे. आजपासून एकही घ्यायची नाही."

"मग डोकं दुखलं तर?"

"दुखेल. पुडीचा अंमल उतरला की दुखतं, म्हणून तुम्ही पुढची घेत होता. थोडे दिवस सोसा."

घरी येताना घोड्याच्या जटक्यात ती पर्स मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "अक्का, माझ्या नवऱ्यालासुद्धा हे ठाऊक नव्हतं. तुम्ही एवढं बघत होता?"

"बघत होते," मी म्हणाले.

"का?"

मी तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. तिला कळलं असावं, कारण ती हसली; आणि हसताना तिचे डोळे भरले.

पहिले काही दिवस वाईट गेले. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं म्हणायची. मी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ बांधायची आणि तिची पर्स माझ्या पेटीत कुलपात ठेवायची. हळूहळू डोकं शांत झालं. सूज उतरली, चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. मूत्रपिंडं मात्र जेवढी गेली तेवढी गेली. डॉक्टर म्हणाले, उरलेली सांभाळा. काही महिन्यांनी ती कामावर परतली आणि आणखी काही वर्षं नोकरी करू शकली.

डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं होतं, म्हणून तिचा डबा वेगळा करावा लागायचा. तो मी करायची. दारात उभं राहून तो तिच्या हातात द्यायच्या सासूबाई. दीर तिला बसपर्यंत सोडायला जायचे, गल्लीतल्या बायका थांबून तब्येत विचारायच्या. मी खिडकीतून बघायची. ती वाचली याचा मला खरोखर आनंद होता. पण माझी तब्येत इतक्या जणांनी कधी विचारली नव्हती, आणि तेही मला तितकंच खरोखर सलायचं.