हातावरचं वजन

आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्याला सगळे काचवाला म्हणतात. काचा पुसणं त्यानं तीन वर्षांपूर्वी सोडलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचं ते काम. गच्चीवरून दोरांनी एक लांब पाळणा सोडायचा, त्यात दोघांनी उभं राहायचं आणि मजल्यामागून मजला खाली उतरत यायचं. अकरा वर्षं त्याचा जोडीदार एकच होता, लंबू. पुढे लंबूच्याच बहिणीशी काचवाल्याचं लग्न झालं. लंबू म्हणायचा, "आठवडाभर तुझंच तोंड बघतो. वाटलं, सुट्टीच्या दिवशी तरी सुटेन. तर तू घरातच घुसलास!"

मग एके दिवशी नवव्या मजल्यावर पाण्याचा पाइप अडकला. तो सोडवायला पलीकडे वाकता यावं म्हणून लंबूनं कमरेचा सुरक्षेचा पट्टा मिनिटभर काढला. तेवढ्यात त्याच्या बाजूचा दोर सुटला आणि पाळणा तिरपा झाला. काचवाल्याचा पट्टा शाबूत होता. तो पालथा पडला आणि पडता पडता त्यानं लंबूचं मनगट पकडलं. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. दोघांचे हात साबणाच्या पाण्यानं निथळत होते. काचेच्या आत ऑफिसातली माणसं उभी होती, पण ती काच उघडणारी नव्हती. त्यांतल्या एकानं नंतर सांगितलं, दहा-बारा सेकंद असतील. मग मनगट निसटलं.

काचवाल्याचा उजवा खांदा कायमचा गेला. हात कानाच्या वर जात नाही. शर्ट बायको घालून देते. तिनं त्याला कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं ते सासूबाईंनी.

सासूबाई लेकाच्या मागे एकट्याच राहत होत्या, दोन गल्ल्या सोडून. दुपारी टीव्हीवर मारधाडीचे सिनेमे बघायच्या. एकदा काचवाला त्यांचं औषध द्यायला गेला, तेव्हा पडद्यावर नायक विमानाला लटकला होता आणि खाली कोसळणाऱ्या मित्राला त्यानं अधांतरी झेललं होतं. एका हातानं. सासूबाईंनी नजर न हलवता म्हटलं, "बघा जावईबापू. ह्यानं एका हातानं धरलं. तुमचे तर दोन होते."

तो औषध ठेवून परत आला. आणि तरीही दर आठवड्याला जात राहिला. बायको म्हणायची, "अहो, मी जाते ना." पण तो ऐकायचा नाही.

खांदा गेल्यावर काचांचं काम संपलंच. पण दोरांची पारख होती, म्हणून अखेर यंदा त्याला सिनेमाच्या स्टुडिओत काम मिळालं: माणसं हवेत टांगायच्या तारा आणि कड्या तपासायच्या. तिथे पहिल्याच महिन्यात तसाच प्रसंग होता. छताला हेलिकॉप्टरचं नुसतं खोकं टांगलेलं, मागे निळं कापड, खाली गाद्या. नायिका पडते आणि नायक तिचा हात धरतो. दोघांच्याही कपड्यांखाली पट्टे, पट्ट्यांना बारीक तारा.

काचवाल्यानं फाइट मास्टरला विचारलं, "मास्टर, तारेशिवाय किती वेळ धरता येईल?"

"पडणाऱ्या माणसाला?" मास्टर हसला. "अरे बाबा, धरताच येत नाही. झटक्यानं खांदा तरी निखळतो, नाही तर हात तरी सुटतो. त्यात हात ओले असले तर विचारूच नकोस."

मास्टरला काही ठाऊक नव्हतं. काचवाला तारांच्या वेटोळ्याशेजारी बसून राहिला.

आठ दिवसांनी तोच प्रसंग पुन्हा चित्रित होणार होता. तो सासूबाईंना घेऊन गेला. काय दाखवायचंय ते सांगितलं नाही, फक्त म्हणाला, "आई, एकदा चला."

त्यांना खुर्ची दिली. नायिका ओरडली, नायकानं दात-ओठ खात तिचा हात धरला. मग "कट" झालं. नायकानं हात सोडला आणि निवांत नाक खाजवलं. नायिका होती तिथेच लोंबकळत राहिली, आणि पायातला बूट चावतोय म्हणून खालच्या बाईकडे तक्रार करू लागली.

सासूबाई उठून तारेपाशी गेल्या. बोटानं तार चाचपली. "सगळं वजन हिच्यावर?"

"हो."

"हातावर काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

बसमधून उतरायच्या आधी त्या म्हणाल्या, "हे दाखवायला नको होतं मला. कुणीतरी त्याला वाचवू शकलं असतं, असं वाटायचं. ते बरं होतं."

काचवाल्याला वाटलं होतं, आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला तो नाहीच, वर त्या म्हातारीची शेवटची काडीही आपण काढून घेतली, असं त्याला झालं. मला त्यानं हे जिन्यात बसून सांगितलं, खांदा चोळत.

पुढच्या आठवड्यात तो औषध घेऊन गेला, तर टीव्ही बंद होता. सासूबाईंनी त्याला पहिल्यांदाच समोर बसवलं आणि विचारलं, "तो काही बोलला का?"

तीन वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. "बोलला," काचवाला म्हणाला. "म्हणाला, डोळ्यात साबण गेलाय रे."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, थांब, पुसतो."

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. लेक गेल्या दिवशी रडल्या नव्हत्या तेवढ्या त्या तेव्हा रडल्या. काचवाला डाव्या हातानं त्यांची पाठ थोपटत राहिला, आणि मग त्यालाही आवरेना.

आता सासूबाई ह्यांच्याकडेच राहायला आल्या आहेत. घरात फारसं बोलणं नसतं. सकाळी लेक स्वयंपाकात असली तर जावयाचा उजवा हात अलगद शर्टाच्या बाहीत त्याच घालतात.