हळदीच्या पट्टीवरचा लाल डाग

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही—पण सांगतो.

तेलगावजवळ माझं दूध संकलन केंद्र आहे. सायकलला कॅन बांधून सुरुवात केली, कुणापुढे हात पसरला नाही. दुधाच्या भावासाठी कुणाशीही भांडलो. पण माझ्याकडे दूध घालणारी पारूआक्का माझ्याहून तिखट. एकदा भरल्या रांगेत म्हणाली, "काट्यावर बोट ठेवतोस व्हय रे?" सगळी रांग हसली. मी बोट ठेवलं नव्हतं. तो राग—खरं सांगू?—अजून गेलेला नाही.

दूध नासू नये म्हणून काहीजण त्यात धुण्याचा सोडा टाकतात. तो पकडायला मी हळद लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या ठेवतो. वर दुधाचा थेंब टाकायचा. हळद पिवळी राहिली तर दूध चांगलं. लाल झाली तर सोडा.

उन्हाळ्यातली सकाळ होती. मी नुकतीच तंबाखू मळली होती, हात दुधानं ओले. आक्काच्या दुधाचा थेंब टाकला, पट्टी वर धरली—लाल.

"आक्का, तू बी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हशीची आण, म्या सोडा न्हाई घातला! काहून लाल झालं, मला काय म्हाईत?"

मी पट्टी जवळून पाहिली. थेंबाखालची हळद पिवळीच होती. लाल झाली होती ती कडेला, माझ्या अंगठ्याखाली. तंबाखूचा चुना. हळदीला चुना लागला की काय होतं, हे त्या रांगेतल्या कुठल्या बाईला सांगावं लागलं असतं? पट्टी आक्काच्या हातात दिली असती, तर तिनं तिथंच ओळखलं असतं. म्हणून—म्हणूनच मी ती चुरगाळून खिशात घातली.

आणि तिची किटली गटारीत ओतली. सगळ्यांसमोर. "आता बोल," म्हणालो.

ती रिकामी किटली उचलून निघून गेली. दुसऱ्या केंद्रानंही तिचं दूध घेतलं नाही. तिच्या घरचा चहा प्यायलाही लोक का-कू करू लागले. शेवटी तिनं म्हैस विकली. आता दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचते. बाजारात समोर आली की पदर सावरून बाजूला होते, मला वाट देते. मी जातो.

दूध चांगलं होतं. ओतताना मला ते माहीत होतं.