चुलीपुढची बाई आणि माझी सही

स्वारगेटहून सकाळी बारामतीच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर चादरीत गुंडाळलेली एक तसबीर होती. पन्नास वर्षं ती माझ्या बैठकीत टांगलेली होती. "मास्तर, हे तुम्ही काढलंत?" असं येणारा-जाणारा विचारायचा आणि मी मान हलवायचो. मी काढलं नव्हतं. ज्यानं काढलं त्याच्याकडे निघालो होतो.

मोरगावपर्यंत बाजरीची धसकटं आणि शेळ्या. शेजारचा गृहस्थ चादरीकडे बघत होता.

"आबा, आरसा हाय का?"

"चित्र आहे."

"देवाचं?"

"नाही. चूल फुंकणाऱ्या बाईचं."

"मंग मांडीवर कशापाई घेतलंय? आमच्यात रोज फुंकत्यात, कुनी बघत बी न्हाय."

बारामतीच्या स्टँडवर चहा घेऊन गाडी बदलली. इथून पुढे कालवा, ऊस, आणि उसाच्या बैलगाड्यांमागे रखडणारी एसटी. तेवढ्या वेळात तुम्हाला खरं काय ते सांगून टाकतो.

महायुद्धात मी आणि कळंबचा सखाराम इटलीत लष्कराच्या एकाच मोटार कंपनीत होतो. दोघांनाही चित्रांचा नाद. एका गावात छप्पर उडालेल्या घरात एक म्हातारी रांधत होती. नदीपलीकडे तोफा, आणि हिचं लक्ष चुलीकडे. आम्ही दोघांनी एकाच दौतीतल्या शाईनं तिला काढलं. माझ्या चित्रात सगळं बरोबर होतं: ती बसली होती ती तिपाई, तिचे बूट, भांड्याचा वाकडा कान. सखारामनं तिपाई काढलीच नाही. बाईला भुईवर बसवलं, एक गुडघा वर, त्यावर हनुवटी, धुरानं मिटलेला एक डोळा. माझी बाई नुसती बसली होती. त्याची फुंकत होती. माझ्या पोटात तेव्हा जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो तापानं इस्पितळात गेला. मी त्याच्या सामानातून चित्र काढलं, खाली माझी सही केली आणि लष्कराच्या साप्ताहिकाकडे पाठवलं. ते छापून आलं आणि मूळ चित्र मला परत मिळालं. त्या कात्रणावर मला पुढे शाळेत चित्रकलेची नोकरी लागली. मी मराठा, तो महार. आमच्या दोघांत कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला जाईल हे मला माहीत होतं, आणि त्याचाही मी फायदा घेतला. सखारामची बदली झाली. पुन्हा भेट नाही.

कळंबच्या एक थांबा आधीच उतरलो आणि उन्हातून चालत गेलो. घर मात्र कोणाला विचारावं लागलं नाही. एका अंगणातल्या ट्रॉलीच्या फळीवर बैल रंगवलेला होता, मान वळवून मागे बघणारा. चार रेघांचा. माफी मागायला आलेला मी तिथं उभा राहून आधी जळलो.

"गणपतराव! तुमी अजून जित्तं?" बाजेवरून सखाराम ओरडला.

"तूही आहेस की."

"आमाला कोन नेतंय!"

त्याची सून शिक्षिका. तिनं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणून दिलं. वाटी तोंडाला लावली आणि समोर बुद्धाच्या तसबिरीशेजारी ते कात्रण दिसलं. पिवळं पडलेलं, काचेत. खाली माझं नाव.

"ही आमची आजेसासू," सून म्हणाली. "तात्यांच्या मित्रानं छापून आणलं होतं. हे त्याचंच नाव."

"छापून आणलं नाही," मी म्हणालो. "चोरलं. तो मित्र मीच."

सून सासऱ्याकडे वळली. "तात्या, तुम्हाला माहीत होतं?"

"म्हाईत हाय," सखाराम म्हणाला. "पेपर बघून लई तापलो हुतो. ह्यो बघ चोर, म्हून घरी धाडला. आयला कुठं वाचाया येतंय! तिनं बाई बघितली अन् म्हनली, ही तर मीच की! गुडगा तिचाच हुता, तवा खोटं तरी कसं म्हनू? साऱ्या गावाला दावत फिरली. तिचा फोटू कुनी कवा काडलाच न्हवता. मंग मित्रानं छापलं म्हनलो. तिच्या आनंदात तुमाला कुठं शिव्या देत बसू?"

मी चादर सोडली, मागची पट्टी उचकटून मूळ चित्र बाहेर काढलं. "माझी सही खोड. तुझी कर."

"ऱ्हाऊ द्या. आयचं नाव लिवा तितं. भागीरथी. अक्षर तुमचंच चांगलं हाय." मग हसला. "तेवढं तरी हाय."

सुनेनं पेन दिलं. मी लिहिलं. शाळेत मुलांना वळणदार अक्षर शिकवलेला हात, पण 'भ' वाकडा आला. माझी सही तिच्या नावाखाली तशीच राहिली.

दुपारच्या गाडीनं परत निघालो. मांडीवर रिकामी चादर. त्याच्या रेषेचा हेवा मी जन्मभर केला. त्यात आता त्याच्या आईला दिलेल्या त्या उत्तराची भर पडली होती. माझ्यानं ते झालं नसतं.

घरी आल्यावर ट्रंकेतून माझं चित्र काढलं आणि त्याच खिळ्याला टांगलं. लोक विचारतात, "मास्तर, हे तुम्ही काढलंत?" मी हो म्हणतो. कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. तिपाई मात्र अगदी बरोबर आली आहे.