अंबरपेठ ते उदगीर, दोनच काड्यांवर

नवी मोटारसायकल घरी येऊन तीन आठवडे झाले होते आणि तिला शहराबाहेर काढायला मला काहीतरी निमित्त हवं होतं. ते गावाकडून फोनवर आलं. उदगीरच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या बुद्धविहाराला लागून पोरांसाठी एक अभ्यासिका बांधली होती, शनिवारी दुपारी तिचं उद्‌घाटन होतं. चुलतभाऊ सिद्धार्थ म्हणाला, "पहिली मेणबत्ती काकांनीच लावायची." बाबा आमच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक. हैदराबादला येऊन त्यांनी बत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात शिपायाची नोकरी केली. फोन ठेवला आणि त्यांनी कपाटातून पांढरा सदरा-पायजमा काढून इस्त्रीला टाकला.

ते बसने जाऊ म्हणत होते. मी म्हटलं, "घरात नवी गाडी असताना बस कशाला? सव्वादोनशे किलोमीटर तर आहे." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत होती. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, त्यांची कंबर दुखते, हे मला माहीत होतं. मी मागच्या सीटवर एक उशी बांधली आणि प्रश्न मिटवला.

रस्ता, खाणं, खर्च यांची माहिती पुढे येईलच. पण या प्रवासातला एक व्हिडिओ मी माझ्या पानावर टाकला होता आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिला, पुढेही पाठवला. हे लिखाण त्या व्हिडिओबद्दल आहे. माझी मान खाली गेली ती अजून वर आलेली नाही, म्हणून लिहायला इतका उशीर झाला.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. अंबरपेठेतच, घरापासून पाच मिनिटांवर जो पंप आहे तिथे थांबलो. मी ऑफिसच्या वाटेवर हायटेक सिटीकडे पेट्रोल भरतो, पण बाबा त्यांची जुनी स्कूटर गेली कित्येक वर्षं इथेच आणतात. नळीवर एक बाई होत्या. त्यांना मी इथे यादम्मा म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. बाबांना पाहून त्या हसल्या. "क्या अंकल, आज नयी गाडी?"

मी गाडी स्टँडवर लावली, हजारचं टाकायला सांगितलं आणि फोन काढून निघतानाचा फोटो पानावर चढवायला लागलो. "झीरो देखो सर," यादम्मा म्हणाल्या. मी "हां हां" केलं. मान वर केली नाही. त्यांनी पेट्रोल भरलं, झाकण बंद करून किल्ली माझ्या हातात दिली. मी गाडी चालू केली. समोरच्या डिजिटल मीटरवर पेट्रोलच्या दोन काड्या होत्या. घरून निघताना दोनच होत्या, आणि हजार रुपयांचं पेट्रोल पडूनही दोनच.

माझं डोकं सटकलं. "ये क्या है? पेट्रोल कहां गया?"

"पूरा डाली सर मैं. झीरो बोली थी आपकू."

बाबा माझ्या कानाशी हळूच मराठीत म्हणाले, "झीरो होतं रे. मी बघितलंय. गाडी जरा हलवून बघ, टाकीत आवाज येतो."

"बाबा, ही तुमची स्कूटर नाहीय. तुम्ही मध्ये बोलू नका."

मग मी फोनचा कॅमेरा चालू केला. मागे आठ-दहा गाड्या थांबल्या होत्या, हॉर्न वाजत होते आणि मला चेव चढत होता. यादम्मांच्या तोंडासमोर फोन धरून मी विचारलं, रोज कितीजणांना असं फसवता? त्या घाबरून म्हणाल्या, "ढक्कन खोल के देखो ना सर." हातच्या काकणाला आरसा कशाला? किल्ली माझ्या मुठीत होती, झाकण माझ्या पोटासमोर होतं. पण तेव्हा झाकण उघडायचं म्हणजे मला शंका आहे असं दिसलं असतं, आणि कॅमेऱ्यात मला शंका नको होती. मी म्हटलं, "मीटर झूठ बोलता क्या? कंपनीचं मीटर झूठ?" रागात माझं मराठी-हिंदी एक झालं होतं.

त्या बाबांकडे वळल्या. "अंकल, आप देखे ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खाली बघायला लागले.

मॅनेजर आला, फोन चालू दिसताच त्याचा चेहरा पडला. त्याने विचारपूस केलीच नाही. "माफी मांग सर से," तो यादम्मांना म्हणाला. त्या म्हणाल्या, "सॉरी सर." मी तेवढं सगळं टिपलं, नामपल्लीच्या सिग्नलला थांबल्यावर 'अंबरपेठवाले, सावधान' असं नाव देऊन पानावर चढवलं आणि पुढे निघालो. लढाई जिंकून आल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करतो.

आता रस्ता. सकाळी साडेसहाच्या आत अमीरपेठ, कुकटपल्ली ओलांडलंत तर पटणचेरूपर्यंत त्रास नाही. पुढे झहीराबादपर्यंत चौपदरी रस्ता उत्तम आहे, टोलनाक्यावर दुचाकीला डाव्या बाजूने मोकळी वाट असते. सदाशिवपेठच्या पुढे एका टपरीवजा हॉटेलात इडली-वडा आणि चहा घेतला, दोघांचे मिळून एकशे दहा. चटणी अशी की नाक वाहायला लागतं. बाबांनी चटणी दोनदा मागून घेतली, पण माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं कंबर दुखत असेल.

झहीराबादला उजवीकडे वळून बीदरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच लाल माती. मीटरवर अजूनही दोन काड्या. शंभराच्या वर किलोमीटर झाले होते. मी मान मागे वळवून ओरडलो, "बघा बाबा, काय मायलेज देतीय गाडी!" आणि बोलता बोलताच माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन काड्यांवर कुठलीही गाडी इतकी पळत नाही. मला तिथेच कळलं होतं. मी तिथेच थांबून झाकण उघडायला हवं होतं आणि व्हिडिओ काढून टाकायला हवा होता. पण खिशात फोन सारखा थरथरत होता, लोक शाबासकी देत होते, आणि मी गाडीचा वेग वाढवला.

बीदरला किल्ल्याच्या बाहेरूनच रामराम केला. वेळ असेल तर अर्धा दिवस काढा, तटावरून दिसणारं मोकळं माळरान बघण्यासारखं आहे. बसस्थानकाजवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगाची चटणी मिळते, शंभर रुपयांत पोट टम्म. भालकीपुढे रस्ता अरुंद होतो आणि प्रत्येक गावाला दोन-दोन गतिरोधक आहेत, तेही बिनरंगाचे.

कर्नाटकात पेट्रोल तेलंगणापेक्षा थोडं स्वस्त आहे, म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीआधी कमलनगरकडच्या एका पंपावर टाकी भरायचं ठरवलं. बाबा पांढऱ्या कपड्यात गाडीला टेकून उभे होते. या वेळी मी झीरो अगदी डोळे फाडून पाहिलं. "हजारचं टाका." नळीवरचा माणूस झाकण उघडून काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटला, मला वाटलं नेहमीचं असेल. मनातली शंका दाबत मी म्हटलं, "टाका हो, टाकी रिकामी आहे." त्याने खांदे उडवले आणि नळी दाबली. पाच-साडेपाच लिटर गेलं असेल नसेल, पेट्रोल भसकन वर आलं. टाकीवरून वाहत बाबांच्या सदऱ्यावर, पायजम्यावर सांडलं. मी मीटरकडे पाहिलं. टाकी काठोकाठ भरून सांडत होती आणि मीटर दोन काड्या दाखवत होतं.

पंपावरच्या माणसाने बाबांच्या कपड्यांवर पाणी मारलं. बाबा सदरा पिळत म्हणाले, "त्या बाईनं पूर्ण भरलं होतं."

"मीटर खराब निघालं बाबा."

"मीटर खराब निघालं," ते म्हणाले. "बोललास तू."

व्हिडिओ मी तिथेच काढून टाकला. तोवर तो माझ्या हातचा राहिला नव्हता. तीन अनोळखी ग्रुपांवरून तो फिरून माझ्याकडेच आला होता.

गावात पोचलो तेव्हा अभ्यासिकेच्या दारात फुलांची माळ लागली होती, पोरं रांगेत बसली होती. सिद्धार्थने बाबांच्या हातात काडेपेटी दिली. सकाळी बाबा ज्यासाठी निघाले होते ते एवढंच होतं. त्यांनी काडेपेटी हातात घेतली, मग स्वतःच्या बाहीचा वास घेतला आणि परत दिली. "कपड्याला पेट्रोल हाय रे. मी लांब थांबतो. पोरीला लावू दे." चौथीतल्या एका मुलीने मेणबत्ती लावली. बाबा दाराबाहेर उन्हात उभे राहून त्रिशरण म्हणत होते, हात जोडून. कुणीतरी विचारलं, पेट्रोल कसं सांडलं? मी म्हटलं, पंपवाल्याची चूक. एका दिवसात दोन पंपांवरच्या दोन माणसांवर मी आळ घेतला. बाबांनी ऐकलं आणि पुन्हा खाली बघितलं.

रविवारी परत आलो, संध्याकाळी थेट त्याच पंपावर. नळीवर दुसरी बाई होती. मॅनेजरने मला ओळखलं, उठून उभा राहिला. "निकाल दिया सर उसकू. आपका वीडियो हमारे सेठ तक गया." त्याला वाटलं मी ते बघायलाच आलोय. मी म्हटलं, चूक माझ्या गाडीच्या मीटरची होती, त्यांना परत घ्या. तो हसला. "अब कैसा होता सर? दूसरी रख लिए ना." त्याच ठिकाणी उभं राहून मी दुसरा व्हिडिओ काढला, सगळं खरं सांगितलं. तो मोजक्या लोकांनी पाहिला. पहिल्यासारखा तो कुणी पुढे पाठवला नाही.

यादम्मांचा पत्ता बाबांनी शोधला, पंपावरच्या जुन्या लोकांना विचारून. पुढच्या रविवारी आम्ही दिलसुखनगरला गेलो. कोचिंगच्या पोरांचं एक हॉस्टेल आहे, त्याच्या मागच्या बाजूला त्या चपात्या लाटत होत्या. बाबांनी धुऊन इस्त्री केलेला तोच सदरा घातला होता, जवळ गेलं की अजून थोडा वास यायचा. मी हात जोडले. मीटर बिघडलं होतं म्हणालो, माफ करा म्हणालो, पंपाच्या सेठशी बोलतो म्हणालो.

"नक्को सर," त्या म्हणाल्या. लाटणं थांबलं नाही. "मेरी बेटी के फोन में भी आया वो. उसकी सहेली भेजी." मग त्यांनी पहिल्यांदा मान वर केली, पण माझ्याकडे नाही. "अंकल, आप तो देखे थे ना झीरो?"

"हौ अम्मा. देखा था."

"फिर बोले कायकू नहीं?"

बाबा नुसते उभे राहिले, ऑफिसात साहेबांसमोर उभे राहत असतील तसे, हात पुढे बांधून. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ते मला वाचवत होते. आणि मी, जो कॅमेऱ्यासमोर कधी गप्प बसत नाही, तो चपात्यांच्या ढिगाकडे बघत उभा राहिलो. यादम्मांनी शेवटची चपाती तव्यावरून उतरवली आणि आत निघून गेल्या.

मागच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरने टाकीतला पेट्रोलची पातळी मोजणारा, अडकलेला तरंगता खटका फुकटात बदलून दिला, काड्या आता बरोबर दिसतात. नवी गाडी घेणाऱ्यांनी सुरुवातीचे काही आठवडे मीटरवर विसंबू नये, दर वेळी टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहून ठेवावेत आणि शंका आली तर आधी झाकण उघडून बघावं. मी आता मुद्दाम त्याच अंबरपेठच्या पंपावर भरतो. झीरो म्हटलं की फोन खिशात घालून मोठ्याने "देखा" म्हणतो. बाबा मात्र आता स्कूटर दुसरीकडे नेतात, लांब पडतं तरी.

दिलसुखनगरला जे माझ्या तोंडातून निघालं नाही, ते इथे लिहितोय. यादम्मांना मराठी येत नाही, म्हणून खाली त्यांच्या बोलीतही लिहितो. त्यांच्या मुलीला ओळखणारं कुणी वाचत असेल तर कृपा करून हे तिच्या फोनवर पाठवा, पहिला व्हिडिओ पाठवला होता तसंच.

बाबा बोलले होते. मीच त्यांना गप्प केलं.

अम्मा, अंकल बोले थे. मैंच उनकू चुप कराया.