गाळ आलाय

“एकदा भिजली की काठी जुनी झाली,” असं मष्णू म्हणायचा.

मासे धरायच्या गळाच्या काठ्या त्याच्याकडं सतरा होत्या. हिंडलग्यातल्या त्याच्या घरात स्वयंपाकघर सोडलं तर एकही भिंत मोकळी नव्हती. प्रत्येक काठीला दोन खिळे, जुन्या लुगड्याची खोळ, खोळीवर सुतळी. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तो लेथवर होता. सुट्टीच्या दिवशी खोळी सोडायचा, एकेक काठी तोलायचा, अंगणात उभा राहून हवेत फेकायचा आणि ऐकायचा. काठी वारा कापत गेली की त्याचे डोळे चमकायचे. मग परत खोळ, परत सुतळी.

मासा मात्र बावीस वर्षांत घरात आला नव्हता. त्याची पहिली काठी पहिल्याच दिवशी मार्कंडेय नदीच्या डोहात मोडली होती. अर्धी त्याच्या हातात राहिली, अर्धी मासा घेऊन गेला. त्यानंतर काठ्या येत राहिल्या आणि पाणी लांबच राहिलं.

राजाबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, काठ्यांबद्दल तक्रार नव्हती. त्या कोरड्या आहेत, ही तक्रार होती.

“शेजारची रूपाली इचारती, काका मासं मारत्यात न्हवं?” ती म्हणायची. “म्हटलं, न्हाय गं. खिळं मारत्यात.”

यंदा एप्रिलमध्ये अठरावी यायची होती. हुक्केरीचा यल्लाप्पा बांबूच्या काठ्या करायचा, वर्षाला दोन किंवा तीन. बांबू वर्षभर सावलीत वाळवायचा, तेल पाजायचा, मग कुठं हात लावायचा. या काठीच्या पितळी कड्या मष्णूनं स्वतः लेथवर काढून पाठवल्या होत्या. आपल्या हातची कडी आणि यल्लाप्पाचा बांबू. आठवडाभर त्याला जेवण सुचत नव्हतं.

राजाबाईनं अट घातली. “येऊ दे. पण खिळ्याला लागायच्या आधी ही एकदा पाण्यात जायाची. न्हायतर एकोणिसावी दारातनं परत.”

“व्हय,” मष्णू म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की दोघांनाही त्याचा अर्थ कळला.

काठी हुक्केरीच्या भाजीच्या टेंपोतून यायची होती, आणि टेंपोवाल्याकडं राजाबाईचा नंबर होता. त्या सकाळी मष्णू अंघोळ करून खडेबाजारात गेला. अठराव्या काठीला साधे खिळे नकोत म्हणून दोन पितळी हूक आणायला.

त्याच सकाळी राजाबाई वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होती. गावचं तळं आटलं होतं आणि तळ्यातला गाळ लोक शेतात नेत होते. तिनंही रताळ्याच्या रानात विहिरीजवळ टाकायला जोतिबाच्या ट्रॅक्टरला एक ट्रॉली सांगून ठेवली होती. फोन वाजला.

“अक्का, गाळ बंदैत्री. एल्ली इडली?”

आलाय, कुठं ठेवू, एवढंच. बाजारात भाजी विकून तिची कानडी पक्की झाली होती. रस्त्याकडेच्या रानात, विहिरीजवळ बांधाला टाका, असं तिनं कानडीतच सांगितलं. तो माणूस क्षणभर थांबला, मग बरं म्हणाला.

मष्णू अकराला आला तो जवळजवळ पळतच. “काठी आली?”

“न्हाय. गाळ आला. रानात टाकायला सांगितलंय.”

“जोतिबाचा फोन आलता?”

“त्याच्या कोण माणसाचा. कानडी होता. माझ्यासाठी गाळ तेवढं मराठीत म्हणाला बिचारा.”

मष्णूनं हातातली हुकांची पुडी खिशात कोंबली. “राजा, कानडीत गळालाच गाळ म्हणत्यात. टेंपोवाला हुता त्यो.”

ती काही बोलायच्या आत तो रस्त्याला लागला होता. तीही पदर खोचून मागून धावली. विहिरीपाशी पोचले तेव्हा जोतिबाची ट्रॉली मोकळी होऊन खाली येत होती. बांधालगत काळा, ओला ढीग वाफाळत होता.

“वैनी, सांगितल्या जागीच टाकलाय बघा,” जोतिबा म्हणाला.

“हितं काय लांबडं पडलेलं बघितलंस?” तिनं विचारलं.

“मागं घेताना काय दिसतंय?” त्यानं फावडं उचललं.

“फावडं लावू नको,” मष्णू ओरडला आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातले.

तिघं हातांनी उकरायला लागले. वरचा गाळ गरम, आतला थंड. शिंपले निघाले, एक चप्पल निघाली, मुळांचा गुंता निघाला. दर वेळी बोटाला काही टणक लागलं की मष्णू भोवतीचा गाळ हळूच बाजूला करायचा. राजाबाई त्याच्यापेक्षा भराभर उकरत होती. शेवटी तिच्याच हाताला गोल काहीतरी लागलं. तिनं अंगठ्यानं पुसलं. पितळ.

“तुमची कडी,” ती म्हणाली.

काठी हळूहळू बाहेर आली. बांधलेलं कापड फाटलं होतं, गळाची दोरी, तंगूस, चिखलात माखला होता. यल्लाप्पानं दोरीच्या टोकाला गरीचा आकडासुद्धा बांधून पाठवला होता. मष्णूनं शेंडा धरून काठी वाकवली. ती कमानीसारखी वाकली, आणखी वाकली. त्यानं सोडली. काठी सणकन सरळ झाली आणि चिखलाचा फटकारा जोतिबाच्या शर्टावर बसला.

राजाबाई खाली बसून हसत राहिली. जोतिबाही हसला.

“भिजली,” मष्णू म्हणाला.

“भिजली की. आता जुनी झाली न्हवं? मग भिंतीला कशाला लावताय?”

त्यानं खिशात हात घातला. खिशातला पुडीचा कागद चुरचुरला. ती मात्र पुन्हा गाळात हात घालत होती. बांधावरची एक करवंटी तिनं जवळ ओढली आणि तिच्यात एकेक करून काहीतरी टाकत गेली. मग ओला गाळ वर थापला.

“गांडुळं हायत. लई जाड.” तिनं करवंटी पुढं केली. “मसाला वाटू का नको, तेवढं सांगा.”

मष्णूनं पितळी हुकांची पुडी काढून तिच्या चिखलाच्या तळहातावर ठेवली. करवंटी घेतली, काठी खांद्यावर टाकली, आणि बांधावरनं डोहाच्या दिशेनं चालू लागला.