शेवटपर्यंत खेळलेले दहा गेम

चष्म्याच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे यादीबुवा म्हणायचे. काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण नाव पडलं ते काचांवरून नव्हे, यादीवरून. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हा शेहेचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, पोट सुटलेला गृहस्थ 'या वर्षातले माझे आवडते दहा व्हिडिओ गेम' अशी यादी करायचा आणि वर्कशॉपमधल्या हात धुवायच्या बेसिनवर चिकटवायचा. तीच मग घरच्या ग्रुपवर टाकायचा. चौदा वर्षं झाली, एकदासुद्धा खाडा नाही.

आता तुम्ही विचाराल, ती वाचायचं कोण? तर जवळजवळ कोणीच नाही. वर्कशॉपमधली माणसं हात धुताना तिच्याकडे बघत, कारण तिथे आरसा नव्हता. ग्रुपवर अंगठे येत. पण यादीला मान होता, हे मात्र खरं. एकदा नव्या मॅनेजरने ती काढून तिथे 'साबण जपून वापरा' अशी पाटी लावली, तर ज्यांनी जन्मात एक गेम खेळला नव्हता अशा जुन्या कारागिरांनी पाटी खाली सरकवून यादी परत वर लावली.

हा मान होता शेवटच्या ओळीला. 'वरील सर्व गेम मी स्वतः शेवटपर्यंत खेळलो आहे.' खाली सही आणि तारीख. गेम कितीही आवडो, शेवट पाहिला नसेल तर यादीत जागा नाही. एका वर्षी एका गेमची शेवटची एकच लढाई राहिली होती, तर याने तो गेम पुढच्या वर्षावर ढकलला. बायको म्हणाली, "अहो, एका लढाईने काय जगबुडी होणार आहे?" तर म्हणे, "प्रश्न तत्त्वाचा आहे." बायकोने कपाळाला हात लावला. तत्त्वाच्या प्रश्नांची तिला लग्नापासून सवय होती, कारण सासरे त्याच घरात राहत होते.

तत्त्व होतं सासऱ्यांचंच. अण्णा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानादुकानातून हिंडून त्यांनी लोकांचे काटे तपासले, आणि न तपासलेल्या एकाही काट्यावर सही केली नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा नाही! "उत्तरपत्रिका आण. मी न पाहिलेल्यावर सही करत नाही," असं म्हणून त्यांनी पुस्तक परत पाठवलं होतं आणि शेवटी शाळेच्या शिपायाला पेपरांचा गठ्ठा घेऊन घरी यावं लागलं होतं. अशा बापाच्या पोटी जन्मलेला माणूस गेमसुद्धा अर्धवट सोडणार नाही, यात नवल कसलं?

तर या वर्षी जानेवारीत अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू बोलणं परत आलं, तेही एका वेळी दोन-तीन शब्द. पाय ओढत का होईना, अण्णा चालायला लागले. उजवा हात मात्र मूठ वळून छातीशी बसून राहिला. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. अण्णांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला आणि विचारलं, "मी... कुत्रा?"

बाई म्हणाल्या, "रोज बोटं हलली नाहीत ना, तर कायमची आखडतील. मग मला सांगू नका."

त्या दिवशी यादीबुवाच्या डोक्यात एक कल्पना आली. मार्चमध्ये त्याने आपला टीव्ही उचलून अण्णांच्या खोलीत नेला, मासे पकडायचा एक साधासा गेम लावला आणि कंट्रोलर अण्णांच्या उजव्या हातात देऊन वरून आपला हात धरला. अंगठ्याने गळ टाकायचा, मासा लागला की मागचं बटण पहिल्या बोटाने दाबून धरायचं, बस. अण्णा तोंड वाकडं करून बसले होते. पण समोर पडद्यावर एक मासा आला आणि त्याच्याखाली काटा आला.

"वजन... दाखवतो?"

"दाखवतो ना अण्णा. ग्रॅमसकट."

अण्णा उशी सोडून ताठ बसले. त्या दिवसापासून संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ ठरून गेली. गेममध्ये तळी सात, आणि शंभर मासे झाल्याशिवाय दुसरं तळं उघडत नाही. अण्णांना स्वतःच्या बोटाने पहिला मासा पकडायला तीन आठवडे लागले. शंभर ग्रॅमचासुद्धा नव्हता, पण यादीबुवाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने एक रेघ मारली आणि सगळ्या घराला बोलावून दाखवली. सप्टेंबरात एकदा अकरा दिवस काहीच लागेना. अण्णांचा चेहरा उतरत चालला. बाराव्या दिवशी गळाला ओढ बसली, अण्णांनी दात-ओठ खाऊन बटण दाबलं, आणि वर आला एक फाटका बूट. पण यादीबुवाने टाळी वाजवली, "वा अण्णा! धरा आणखी एक!" म्हणत कॅलेंडरवर रेघ ओढली. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. म्हातारा खूश झाला, असं यादीबुवाला वाटलं.

असं करता करता डिसेंबर उजाडला आणि यादीबुवा हिशेब करायला बसला. वर्षभरात त्याने शेवटपर्यंत खेळलेले गेम किती? शून्य. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिकडे त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जो यादी वाचून खरोखर गेम खेळणारा जगातला एकमेव माणूस होता, रोज विचारत होता, "भाऊजी, यादी कधी?" बेसिनजवळ जुनी यादी पिवळी पडून लोंबत होती. कारागीर म्हणायला लागले, "काय यादीबुवा, या वर्षी उपास का?"

एक गेम लिहिता आला असता. मासे पकडायचा. खरं सांगायचं तर त्या दीड तासासाठी तो दिवसभर वाट बघायचा. आयुष्यात बापाशेजारी इतका वेळ तो कधी बसलाच नव्हता, आणि इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण चौदा वर्षांची कीर्ती, आणि लिहायचं काय? एक तळं, बेचाळीस मासे, शेवट पाहिलेला नाही? लोक हसतील. शिवाय नियमात बसत नाही. नियम आठवला तोही नेमका इथेच, बघा.

मग त्याने तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून दुसऱ्यांनी लिहिलेली परीक्षणं वाचली आणि दहा गेमांची फक्कड यादी जुळवली. पहिल्या क्रमांकावर दीपगृहाच्या रखवालदाराचा गेम, शेरा 'शेवट मनात घर करून राहतो.' कोणाच्या मनात, ते लिहिलं नाही. खाली नेहमीची ओळ लिहिली. सही करताना हात जरा थांबला, पण थांबलाच, मागे फिरला नाही.

यादी लागली. अंगठे आले. चार दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, दीपगृहाच्या टोकापर्यंत पोचलोय. शेवटचं दार उघडायचं की नाही हो? तुम्ही काय केलंत?"

दार आहे हेच यादीबुवाला ठाऊक नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार. तो गंभीर आवाजात म्हणाला, "ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं."

पलीकडून मेहुणा भारावून म्हणाला, "मानलं भाऊजी तुम्हाला!"

सुटलो, असं यादीबुवाला वाटलं. पण दरवर्षी यादीची एक प्रत मोठ्या अक्षरांत छापून अण्णांच्या फायलीत जायची, हे तो सोयीस्कर विसरला होता. बायको विसरली नव्हती. त्या संध्याकाळी तो खोलीत गेला तर अण्णांच्या मांडीवर कागद. डाव्या हाताचं बोट ओळीओळीवरून खाली गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं.

"आपला... कुठाय?"

"तो अजून पूर्ण कुठे झालाय अण्णा? तुमचाच तर नियम."

"आणि हे... झाले?"

यादीबुवा भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायला लागला.

"कधी?" अण्णा म्हणाले. "रोज... इथे होतास."

सगळ्या जगाला फसवता आलं असतं हो! पण तो वर्षभर कुठे होता याचा एकुलता एक साक्षीदार नेमका याच खाटेवर बसला होता. यादीबुवाने विषय बदलायला टीव्ही लावला, कंट्रोलर पुढे केला. अण्णांनी तो डाव्या हाताने बाजूला सारला. "खोट्या... काट्याला... हात नाही."

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या, त्यांनी अण्णांची बोटं उलगडायला घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बंद का केलंत? मूठ परत आवळायला लागलीय. नऊ महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल."

बायकोने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी यादीबुवाने वर्कशॉपमध्ये बेसिनवरची यादी सगळ्यांसमोर फाडली. "खोटी होती. यातला एकही गेम मी खेळलेलो नाही," तो म्हणाला. चौदा वर्षांची अब्रू साबणाच्या पाण्याबरोबर वाहून जाणार, अशी त्याची खात्री होती. कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हातारा म्हणाला, "बरं. मग हात पुसायला दे तो कागद."

ग्रुपवरही त्याने कबुली टाकली. त्यावरही अंगठेच आले. फक्त मेहुण्याने लिहिलं, "मग दार उघडायचं की नाही?"

घरी येऊन त्याने हाताने नवी यादी लिहिली आणि अण्णांसमोर ठेवली. एकच ओळ होती. मासे पकडायचा गेम. त्याखाली: 'पहिल्याच तळ्यावर आहोत. शेवट पाहिलेला नाही. अण्णांनी पकडलेले मासे: बेचाळीस. या वर्षातला माझा सर्वांत आवडता.' आणि त्याखाली तपासणाऱ्याच्या सहीसाठी मोकळी जागा.

अण्णांनी चष्मा लावला. वाचलं. कॅलेंडर मागितलं आणि रेघा मोजल्या. यादीबुवा शेजारी पेन घेऊन उभा, प्रगतिपुस्तक घेऊन उभा राहायचा तसाच.

"चूक," अण्णा म्हणाले.

"आता काय चुकलं अण्णा?"

"एकेचाळीस." अण्णांचं बोट सप्टेंबरातल्या एका रेघेवर टेकलं. "हा... बूट होता."

यादीबुवाचे कान लाल झाले. म्हणजे म्हाताऱ्याला तेव्हापासून माहीत होतं, आणि पोराच्या टाळीखातर त्याने जन्मात पहिल्यांदा एक खोटी नोंद पोटात घातली होती. यादीबुवाने बेचाळीस खोडलं, एकेचाळीस केलं, आणि कॅलेंडरवरची ती रेघ खोडरबराने पुसली.

मग अण्णांनी डावा हात पुढे करून पेन घेतलं, पण सही डाव्या हाताने केली नाही. पेन उजव्या मुठीत खोचलं, अंगठा आणि पहिलं बोट एकेक करून त्याभोवती आणलं. सहीला चार मिनिटं लागली. अक्षर एकही ओळखू येत नव्हतं. यादीबुवा कागद उचलायला गेला तर अण्णांनी कोपराने दाबून धरला.

"थांब," ते म्हणाले. "तारीख... राहिली."