टाकीतले जंतू आणि आमची मिटिंग

लालबागची चाळ सोडून आम्ही भाईंदरला आलो ते बायकोला स्वतःचा संडास हवा होता म्हणून. चाळीत तिनं अकरा वर्षं बादली हातात धरून रांग लावली. आणि इथे तळमजल्यावर घर घेतलं, तर वर्षभरात वरच्या चार मजल्यांची घाण आमच्या मोरीच्या जाळीतून वर यायला लागली.

तेव्हा आमच्या गल्लीत गटाराची मोठी लाइन आली नव्हती. बिल्डिंगखाली सेप्टिक टाकी होती, ती बिल्डरनं लहानच बांधलेली. गाडी बोलावून उपसली की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. गणपती झाल्यावर बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "भाऊबीजेला दादा येईल. तोवर हे थांबलं नाही, तर मी त्याच्याबरोबर जाईन." ती उगाच धमक्या देणारी बाई नव्हे.

ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं मी सेप्टिक टाकीत टाकायची पावडर विकणारा एक जण गाठला. त्यानं टाकीचं झाकण उचलून वास घेतला, जसा आपण दूध नासलंय का बघतो. "साहेब, मैला जंतूच खातात. तुमचे मेलेत. मी नवे देतो, पावडरीतून. फक्त ॲसिड नको, फिनाइल नको. त्यांना मारू नका, बस."

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. लगेच मिटिंग लावली आणि जंतूंवर भाषण ठोकलं. ज्यांच्या नावानं आपण दिवसभर हात धुतो तेच आपली घाण निस्तरतात, वगैरे. बोलायला मला आवडतंच. चौथ्या मजल्यावरचे गुजराती शेठ म्हणाले, "ॲसिड बंद तो बंद." सगळ्यांनी रजिस्टरवर सह्या केल्या. एवढं एकमत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरही कधी झालं नव्हतं.

आठवडाभर रोज संध्याकाळी मी कोमट पाण्यात गूळ आणि पावडर कालवून संडासात ओतली. बायकोला म्हटलं, "तू यात पडू नकोस, मी बघतो." आणि खरंच, महिन्याभरात वास गेला. टाकीचं झाकण उघडलं की बारीक बुडबुडे दिसायचे. मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. बायको पुन्हा अनवाणी मोरीत जायला लागली.

भाऊबीजेच्या सकाळी मेव्हणा पाटावर बसला, तिनं तबक उचललं, आणि मोरीतलं पाणी उंबरा ओलांडून बाहेर आलं. मेव्हण्यानं पाय वर घेतले. तिनं तशाच उभ्यानं त्याला ओवाळलं आणि आत गेली.

मी जिना चढलो तो भांडायलाच. एकेक दार वाजवलं. पुरुष म्हणाले, आम्ही टाकलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यातल्या एकानंही जन्मात संडास घासला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर वहिनींनी दार उघडलं. "ॲसिड? हो, दिवाळीची साफसफाई केली ना. सायकलवाला आला होता, सगळ्यांनीच घेतलं. का हो, नव्हतं टाकायचं?"

मी तणतणत खाली आलो. बायको पिशवी भरत होती. माझं सगळ्यांना शिव्या घालणं संपल्यावर तिनं मान वर केली.

"मी पण टाकलं. दोन बाटल्या. दादा येणार म्हणून."

"तू? अगं, मिटिंगमध्ये ठरलं होतं."

"मिटिंगला कोण होतं? तुम्ही सोळा पुरुष. संडास कोण धुतं या बिल्डिंगीत?"

आठवडाभर मी रोज तिच्या समोर गूळ कालवत होतो, त्याच घरात जेवत होतो. पावडरवाल्याचं 'ॲसिड नको' हे एक वाक्य मी परक्या माणसांना दहादा ऐकवलं होतं, तिला एकदाही नाही. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता, नंतरही नाही.

बाहेर मेव्हण्यानं रिक्षा थांबवली होती. मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं ती दिली नाही.